नवीन इंजिन कंपनीत ठरतं कसं? (तीन सिलेंडर, १२०० सीसी आणि इतर भानगडी)

टाकीफुल
नमस्कार मंडळी. २०२४ला स्विफ्टचं चार सिलेंडरचं के-सिरीज इंजिन काढून तीन सिलेंडरचं झेड-सिरीज टाकलं, पॉवर ९०च्या घरातून ८२ पीएसवर आली, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून तोच वाद पेटतो की कंपनीने एक सिलेंडर चोरला. मला वादात रस नाही, मला आतलं जाणून घ्यायचंय. नवीन इंजिन करायचं हे कार कंपनीत ठरवतं कोण, कागदावर पहिली ओळ काय लिहितात, आणि मग पिस्टन, क्रँक, हेड असे एकेक पार्ट डिझाईन करणारी माणसं त्यात कुठे येतात? शोधून बघितलं तर टॉर्क आणि मायलेजच्या आकड्यांपलीकडे काही मिळत नाही. इथे पिंपरी-चाकणची बरीच जनता आहे म्हणून धागा काढला. भाचा जुलैत एका कंपनीत पॉवरट्रेनला (इंजिन-गिअरबॉक्स विभागाला) जॉईन होतोय, हा आपला एक स्वार्थ.

नाना_सदाशिव
कॉस्ट कटिंग. धागा संपला, चहा घ्या.

बोअरपिच
नाना :) कॉस्ट असतेच हो, पण तेवढ्यावर संपत नाही. बेस इंजिनच्या कन्सेप्टवर बरीच वर्षं घालवलीयत (कंपनी विचारू नका), जमेल तसं टंकतो, शुद्धलेखन पोटात घाला.

पहिली ओळ पॉवरची नसतेच. आपल्याकडे पहिली ओळ कराची असते. २००६च्या बजेटमध्ये ४ मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आतल्या गाड्यांची एक्साईज २४ टक्क्यांवरून १६ केली आणि तिथून सगळ्या लहान गाड्यांचं नशीब लिहिलं गेलं. स्विफ्टचं जुनं १.३ पेट्रोल २०१०मध्ये जाऊन १.२ आलं ते या रेषेमुळे, टाटांनी इंडिगोची शेपूट कापून सीएस काढली तीही याच हिशोबात. पुढे जीएसटी आला, सप्टेंबर २०२५मध्ये दर पुन्हा बदलले, लहान गाडी १८ टक्के आणि मोठी ४० टक्के, पण रेष जागची हलली नाही. त्यामुळे प्लॅनिंगवाला पेन्सिल उचलायच्या आधी ११९७ किंवा ११९९ लिहून मोकळा होतो.

आता हे ११९७ किती सिलेंडरांत वाटायचं? चारात वाटलं तर एकेक साधारण ३०० सीसीचा, तिनात वाटलं तर ४०० सीसीचा. सिलेंडर जितका लहान तितकं त्याच्या आतल्या आकारमानाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ जास्त, म्हणजे जळलेल्या पेट्रोलची उष्णता पिस्टन ढकलायच्या ऐवजी भिंतीतून कूलंटमध्ये पळते. वर चार पिस्टनच्या रिंगा, चार कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, क्रँकची पाच मेन बेअरिंगं, सगळीकडे घर्षण. तिनात एक संच कमी. ४०० ते ५०० सीसीचा सिलेंडर हा मायलेजला बरा पडतो हे जगभरचे लोक मान्य करतात. जुन्या के-१२चा बोअर (सिलेंडरचा व्यास) ७३ आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) ७१.५ मिमी होता, म्हणजे जवळजवळ चौकोनी. टाटांचं तीन सिलेंडर रेव्होट्रॉन बघा, ७७ बाय ८५.८. कॅल्क्युलेटर घेऊन करा, ११९९ येईल. लांब स्ट्रोकमुळे ज्वलनकक्ष आटोपशीर होतो, ज्योत लवकर पसरते.

आणि सरकारचा दुसरा दट्ट्या म्हणजे कॅफे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साईडची सरासरी, २०२२-२३पासून ती ११३ ग्रॅम प्रति किमीच्या आसपास ठेवायची (गाड्यांच्या सरासरी वजनाप्रमाणे थोडं मागेपुढे). जी कंपनी लहान गाड्या लाखांनी विकते तिला एकेका गाडीतला एकेक ग्रॅम महत्त्वाचा. तेव्हा ८ पीएस गेले म्हणून जे रडतायत त्यांनी हेही बघावं की नव्या स्विफ्टचं सर्टिफाईड मायलेज मॅन्युअलला २४.८०पर्यंत गेलंय.

सिलेंडर चोरला वगैरे नाही. हिशोबात तो बसला नाही.

नाना_सदाशिव
बरं, आणि एक पिस्टन, एक रॉड, एक कॉईल, चार व्हॉल्व्ह वाचले त्याचे पैसे कुणाच्या खिशात गेले? तेच म्हणतोय मी.

बोअरपिच
गेले ना कंपनीच्या खिशात. आणि थोडे तुमच्या गाडीतल्या सहा एअरबॅगमध्ये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मीनल_के
वाचतेय. आयडीचा अर्थ सांगा आधी, बोअर पिच म्हणजे काय?

बोअरपिच
विचारलंत ते बरं केलं, माझ्या मते सगळ्या धाग्याचं उत्तर तिथेच आहे.

शेजारच्या दोन सिलेंडरांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर म्हणजे बोअर पिच. दिसायला ड्रॉईंगवरचा एक आकडा. पण ब्लॉक (सिलेंडर ज्यात असतात तो) आणि हेड (त्याचं वरचं झाकण) मशीन करणारी जी लाईन असते, तिची फिक्स्चरं, होनिंगची (सिलेंडर आतून घासून गोल-गुळगुळीत करायची) स्पिंडल, लीक टेस्टची स्टेशनं, हे सगळं त्या आकड्याभोवती उभं राहतं. लाईनला शेकडो कोटी लागतात आणि तिची ऑर्डर उत्पादन सुरू व्हायच्या दीड-दोन वर्षं आधी द्यावी लागते. एकदा ती उभी राहिली की पुढे टर्बो लावा, डायरेक्ट इंजेक्शन करा, हेड बदला, स्ट्रोक वाढवा, सगळं चालतं. पिचला हात लावायचा म्हटलं की फायनान्सवाले मीटिंगमधून उठून जातात.

फोक्सवॅगनचं ईए२११ घ्या, आपल्या चाकणला ज्याचं १.० टीएसआय बनतं. पिच ८२ मिमी. बोअर ७४.५. वजाबाकी करा, दोन सिलेंडरांच्या मध्ये साडेसात मिमी भिंत उरते. त्या साडेसात मिमीत हेड गॅस्केटने (ब्लॉक आणि हेडमधल्या पातळ सीलने) दोन्ही बाजूंचा स्फोटाचा दाब अडवायचा, शिवाय ती जागा थंडही राहिली पाहिजे. तोच बोअर, तोच पिच ठेवून तीन सिलेंडर आणि ७६.४ स्ट्रोक घेतला की ९९९ सीसी, चार सिलेंडर आणि ८५.९ स्ट्रोक घेतला की १४९८. म्हणजे ज्याला आपण १.० आणि १.५ अशी दोन इंजिनं म्हणतो ती एकाच घरची पोरं. त्यांचंच मोठं ईए८८८ आहे, त्याचा पिच ८८, आणि हा ८८ सत्तरच्या दशकातल्या ईए८२७पासून चालत आलाय. ज्याने तो आकडा तेव्हा लिहिला त्याला कुठे ठाऊक होतं की पन्नास वर्षांनीही त्यावर इंजिनं निघतील.

म्हणून मी म्हणतो, इंजिनात काय आहे यापेक्षा पुढच्या वीस वर्षांत त्यातून काय काय काढता येईल हे ठरवणं म्हणजे प्लॅनिंग.

इसारकाठ
म्युनिकहून. वरच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. इथे बीएमडब्ल्यूने हेच टोकाला नेलं. एक सिलेंडर ठरवला, बोअर ८२ आणि स्ट्रोक ९४.६, म्हणजे जवळपास ५०० सीसी, पिच ९१. तीन लावले की बी३८, चार लावले की बी४८, सहा लावले की बी५८, म्हणजे १.५, २.० आणि ३.० लिटर. पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, ज्वलनकक्षाचा अभ्यास, यातलं बरंच काही सामाईक. एका सिलेंडरवर केलेली मेहनत तिन्हीकडे वसूल होते.

रच्याकने, याचं अस्सल मराठी मातीतलं उदाहरण आहे आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. शेवरोले बीट डिझेल आठवतेय? २०११. इंजिन ९३६ सीसी. आता फियाटचं १.३ मल्टिजेट बघा, १२४८ सीसी, ६९.६ बाय ८२. १२४८चे पाऊण केले की बरोबर ९३६. मल्टिजेटचा एक सिलेंडर काढून तळेगावच्या कारखान्यात ते इंजिन बनत होतं.

नाना_सदाशिव
म्हणजे सिलेंडर चोरायची परंपरा जुनी आहे तर.

इसारकाठ
=)) नाना, दंडवत.

शिरोलीकर
लई भारी धागा. आमचा कोल्हापूरचा फौंड्रीचा धंदा, ब्लॉक आणि हाऊसिंगचं कास्टिंग करतो, तर डिझाईनवाल्यांबद्दल दोन शब्द आमच्याकडनं.

ते कॉम्प्युटरवर ब्लॉक काढत्यात, दिसायला देखणा. भिंत साडेतीन मिमी, रिब कुठंही, कोपरे टोकदार. वजन कमी करायचंय म्हणत्यात. बरोबर हाय. पण ती साडेतीन मिमी भिंत ओतताना बाहेरचा साचा आणि आतला कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) यांच्यामधून धातू वाहणार असतो, आणि कोअर अर्धा मिमी जरी सरकला तर एका बाजूला चार अन् दुसऱ्या बाजूला तीन. त्यात वॉटर जॅकेटचा कोअर म्हणजे सिलेंडरभोवती कूलंट फिरायची जागा. वाळूचा, पातळ, भोकाभोकांचा, वाळलेल्या कुरडईगत. उचलताना मोडतो, न मोडला तर ओतताना त्यातला गॅस बाहेर पडायला वाट पाहिजे, न्हाईतर ब्लो होल. ते भोक कास्टिंगवर दिसत न्हाई. गिऱ्हाईकाकडं मशीनिंग झाल्यावर होनिंगला उघडं पडतं, तोवर त्या ब्लॉकवर सगळी मजुरी झालेली असती. मग रिजेक्शन कुणाच्या नावावर? आमच्या.

शहाणा डिझाईनर असला की ड्रॉईंग फ्रीझ व्हायच्या आधी येतो, शॉपमध्ये उभा राहतो, कोअर हातात घेतो, विचारतो की पार्टिंग लाईन (साच्याचे दोन भाग जुळत्यात ती रेघ) कुठं घेणार, कोअर प्रिंट (कोअर टेकायच्या जागा) कुठं पाहिजेत. एक बाई आलेल्या, त्यांनी कोअर शूटिंग बघून जॅकेटचा आकारच बदलला, तो ब्लॉक अजून चालूय आमच्याकडं. न आलेल्यांचे पण चालू हायत, फक्त त्यांच्या ड्रॉईंगची रिव्हिजन संपत न्हाई.

मीनल_के
कुरडई :D पण सिरियसली, हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

डायनोरूम
शिरोलीकर काका, रिजेक्शन तुमच्या नावावर आणि उशीर आमच्या नावावर. मी इंजिन टेस्टिंगला आहे. सगळ्यांचा उशीर साचत साचत आमच्यापर्यंत येतो, शेवटची तारीख मात्र हलत नाही, मग म्हणतात रात्रपाळी करा.

भाच्यासाठी लिहिते. पार्ट डिझाईन म्हणजे कॅड नव्हे. कॅड हा त्यातला सोपा भाग. प्रत्येक पार्टमागे एक यादी असते, हा कशाने मोडू शकतो, मोडला तर काय होईल, आणि तो मोडत नाही हे कुठल्या टेस्टने सिद्ध करणार. मोडण्याच्या यादीला डीएफएमईए म्हणतात, टेस्टच्या यादीला डीव्हीपी. मीटिंगा कंटाळवाण्या असतात, पण तिथे जो गप्प बसतो तो नंतर बोलतो तेव्हा इंजिन उघडून टेबलावर पडलेलं असतं.

माझी आवडती टेस्ट थर्मल शॉक. इंजिन फुल लोडवर तापवायचं, मग एकदम गार कूलंट सोडायचं, परत तापवायचं, असं शेकडो वेळा. कारण हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बऱ्याचदा ओतीव लोखंडाचा, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे दोघांमध्ये अडकलेलं गॅस्केट प्रत्येक फेरीत घासलं जातं. खराब डिझाईन इथे पाणी गाळतं.

दुसरं म्हणजे बोअर डिस्टॉर्शन. होनिंग करून सिलेंडर अगदी गोल केला, मग हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉकचा वरचा भाग ओढला जातो आणि तो गोल किंचित पाकळीसारखा होतो. मायक्रॉनचा खेळ. पण पिस्टन रिंग त्या पाकळीत पूर्ण टेकत नाही आणि इंजिन ऑईल खायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे होनिंगच्या वेळेला हेडच्या जागी जाड प्लेट आवळायची, म्हणजे वाकलेल्या अवस्थेतच गोल करायचं. हा खर्चिक उपाय. स्वस्त उपाय म्हणजे बोल्टच्या बॉसची (बोल्ट ज्यात आवळतात त्या जाड भागाची) जागा पहिल्याच दिवशी नीट ठरवणं, आणि बोअरपिच वर म्हणतायत त्या साडेसात मिमीच्या भानगडीत ती जागा मिळत नाही.

मग गाडी घेऊन फिरणं. उन्हाळ्यात राजस्थान, थंडीत वर हिमालयात. लेहला ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. टर्बो नसलेलं इंजिन तिथे एक तृतीयांश ताकद घरी ठेवूनच येतं. पहाटे उणे तापमानात एका सेल्फमध्ये चालू होतं का हे बघायला चार इंजिनिअर शेकोटी करून बसलेले असतात.

टाकीफुल
ताई, जबरदस्त माहिती, धन्स. पण तीन सिलेंडर थरथरतं ही तक्रार खरी की मनाचे खेळ?

बोअरपिच
खरी आहे, पण अर्धवट. तीन सिलेंडरमध्ये क्रँक १२० अंशांवर, वरखाली होणाऱ्या पिस्टनची बलं एकमेकांना खातात. पण ती एका रेषेत नाहीत, म्हणून इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलतं, ज्याला रॉकिंग कपल म्हणतात. चार सिलेंडरमध्ये डुलणं नाही, पण दुप्पट वेगाचं एक बल शिल्लक राहतं, जे वरच्या आरपीएमला गुणगुणतं. सहा एका रांगेत असले की दोन्ही कटकटी नाहीत. डुलण्यावर उपाय म्हणजे बॅलन्सर शाफ्ट, पण तो वजन, घर्षण आणि पैसे तिन्ही खातो, म्हणजे ज्यासाठी सिलेंडर कमी केला तेच परत दिलं. फोर्डने १.० इकोबूस्टमध्ये शाफ्ट न देता फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असमतोल ठेवून ते डुलणं अशा दिशेला वळवलं जिकडे माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) सैल असतात. बाकीचं काम माउंटवाल्यांचं. गिअरमध्ये, हळू वेगात, एसी चालू असताना थरथर जाणवली तर तिथे इंजिनापेक्षा माउंट आणि आयडल कॅलिब्रेशनवर किती पैसे सोडले हे दिसतं.

नाना_सदाशिव
म्हणजे शेवटी पैसेच. मी पहिल्या प्रतिसादात म्हणालो तेच.

दिल्लीस्थित_अमरावतीकर
प्लॅनिंग प्लॅनिंग म्हणताय, पण कायदाच रातोरात बदलला तर? डिसेंबर २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने इथे एनसीआरमध्ये २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांचं रजिस्ट्रेशन थांबवलं. माझी स्कॉर्पिओ बुक होती, २.२ एमहॉक, २१७९ सीसी. डीलर रडवेला. आणि जानेवारीत महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन हजर केलं! महिनाभरात! माझा तेव्हापासून या कंपनीबद्दलचा आदर आणि संशय दोन्ही वाढलेत.

बोअरपिच
महिनाभरात इंजिन होत नाही साहेब, महिनाभरात फक्त लाँच होतं. एमहॉकचा बोअर ८५, स्ट्रोक ९६. समजा बोअर तसाच ठेवला तर २००० सीसीच्या आत यायला स्ट्रोक ८७-८८वर आणावा लागतो. म्हणजे नवीन क्रँक, त्याला धरून रॉड किंवा पिस्टन वेगळा, नवीन कॅलिब्रेशन, एमिशनचं सर्टिफिकेट. क्रँकचं फोर्जिंगच काही महिने खातं. अशा वेळी हजर होणाऱ्या इंजिनाचं काम कपाटात आधीच झालेलं असतं, निर्यातीसाठी म्हणा किंवा दुसऱ्या कुठल्या कराच्या रेषेसाठी म्हणा. चांगल्या प्लॅनिंग टीमकडे अशी न विकलेली दोन-तीन इंजिनं असतातच. ऑगस्ट २०१६मध्ये एक टक्का सेस लावून बंदी उठली, तेव्हा त्या १.९९चं काम संपलं.

इसारकाठ
आणि याच्या उलट उदाहरण म्हणजे मारुतीचं स्वतःचं १.५ डिझेल. याच्यावर इतकं कमी लिहिलं जातं की आश्चर्य वाटतं. वर्षानुवर्षं फियाटच्या मल्टिजेटवर गाड्या विकल्या, मग घरचं इंजिन केलं, १४९८ सीसी, ९५ पीएस, २२५ एनएम, मार्च २०१९मध्ये सियाझला लावलं. आणि एप्रिल २०१९मध्ये, म्हणजे जेमतेम महिन्याने, जाहीर केलं की १ एप्रिल २०२०पासून डिझेल बंद. अख्खं नवं इंजिन, आयुष्य वर्षभर.

मीनल_के
बापरे. मग हे प्लॅनिंगचं अपयश नाही का? बीएस६ (धुराचा पुढचा कडक नियम) येणार हे ठाऊक नव्हतं त्यांना?

इसारकाठ
सरळसरळ अपयश. जानेवारी २०१६मध्ये सरकारने सांगितलं की बीएस५ गाळून थेट बीएस६, २०२०पासून. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी बीएस४ डिझेल बाजारात आणायचं म्हणजे काय?

बोअरपिच
इथे माझं मत वेगळं आहे. नवं डिझेल कोऱ्या कागदावरून करायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणजे २०१९च्या इंजिनाची सुरुवात २०१४-१५ची धरा. तेव्हा डिझेल जोरात होतं आणि बीएस५ हा मधला टप्पा यायचा होता. जानेवारी २०१६ला घोषणा झाली तेव्हा पैसे अर्धेअधिक गेलेले असणार. बीएस४ डिझेलला नॉक्सची (नायट्रोजनच्या ऑक्साईडांची) मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रति किमी होती, बीएस६ला ८०. पार्टिक्युलेट (काजळीचे कण) २५वरून साडेचारवर. त्यासाठी डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर आला, नॉक्ससाठी एलएनटी किंवा एससीआर ही धूर साफ करणारी यंत्रणा आली, आणि हा खर्च इंजिनाच्या आकाराप्रमाणे कमी होत नाही, लहान गाडीलाही जवळजवळ तेवढाच. वीस लाखांच्या गाडीत तो लपतो, आठ लाखांच्या गाडीत लपत नाही. त्यांनी हिशोब केला, पेट्रोल-सीएनजी बरं दिसलं, आणि गेलेल्या पैशामागे आणखी पैसे घातले नाहीत. मला तर तो निर्णय इंजिन करण्यापेक्षाही अवघड वाटतो.

इसारकाठ
पण ह्युंदाईने १.५ डिझेल बीएस६मध्ये आणलं, टाटांनी नेक्सॉनचं १.५ ठेवलं, महिंद्राचं तर पोटच डिझेलवर. त्यांना जमलं ते यांना का नाही? गिऱ्हाईक होतंच की.

बोअरपिच
टाटांनी १.५ ठेवलं पण टियागोचं १०४७ सीसीचं डिझेल काढलं, हेही बघा ना. म्हणजे रेष कुठे होती ते दिसतं. मारुतीच्या बहुतेक डिझेल गाड्या त्या रेषेच्या खालच्या होत्या.

इसारकाठ
ब्रेझा आणि अर्टिगा नव्हत्या. असो, आपलं यावर जमणार नाही :)

विद्युतप्रेमी
मी काडी टाकतो. इलेक्ट्रिकच्या जमान्यात बोअर पिचवर चर्चा म्हणजे टाईपरायटरच्या रिबनवर चर्चा. भाच्याला सांगा बॅटरी शिक.

डायनोरूम
बॅटरी शिकावीच. पण आमच्या टेस्ट बेडवर रिकामी जागा नाही सध्या, हेही सांगा त्याला. एप्रिल २०२३ला बीएस६चा दुसरा टप्पा आला, त्यात गाडीच्या मागे यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर धूर मोजायचा, त्याच सुमाराला ऑल्टो ८०० आणि क्विड ८०० गेल्या. मग ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल). मग हायब्रिड. मग सीएनजी. प्रत्येक वेळी तेच इंजिन परत बेडवर येतं.

इसारकाठ
युरोपात चित्र मिश्र आहे. रेनो आणि जीलीने २०२४मध्ये आपापला इंजिन विभाग बाहेर काढून हॉर्स पॉवरट्रेन नावाची एकच कंपनी केली, जी अनेकांना इंजिनं विकणार. म्हणजे इंजिन संपलं असं कुणी म्हणत नाहीये, एकट्याने खर्च करायची तयारी संपलीय. आपल्याकडे टाटांनी मात्र २०२४मध्ये कर्व्हला नवं १.२ हायपेरियन दिलं, डायरेक्ट इंजेक्शनवालं. म्हणजे इलेक्ट्रिकमध्ये सगळ्यात पुढे असलेली कंपनीच नवं पेट्रोल इंजिन काढते.

टाकीफुल
विद्युतप्रेमी, त्यावर वेगळा धागा काढा प्लीज, इथे हाणामारी नको. भाच्याने हे सगळं वाचलं आणि विचारतोय की नव्या पोराला पहिल्या वर्षी काय देतात? पिस्टन देतील का?

बोअरपिच
पिस्टन कुणी देत नाही, आणि दिला तरी पिस्टनचं अर्धं डिझाईन पिस्टन बनवणारी कंपनी करते. त्याला एखादा ब्रॅकेट मिळेल, ऑईल संप मिळेल, नाहीतर बोल्टांची यादी. तोंड वाकडं करू नये त्याने. ब्रॅकेट म्हणजे अल्टरनेटर धरणारा लोखंडाचा तुकडा, पण त्याची नैसर्गिक वारंवारिता इंजिनाच्या फायरिंगच्या पट्ट्यात आली की तो तुटतो, आणि तुटला की बेल्ट, मग वॉटर पंप, मग इंजिन. एक ब्रॅकेट नीट केला की मोडल विश्लेषण (पार्ट कुठल्या वारंवारितेला थरथरतो ते बघणं), कास्टिंग, टॉलरन्स, व्हेंडर, असेंब्ली लाईनवरच्या माणसाचा पाना कुठून जाणार, हे सगळं शिकून होतं.

आणि टॉलरन्स स्टॅक हाताने करायला शिकायचं, सॉफ्टवेअर नंतर. कम्प्रेशन रेशो ठरवणारी साखळी घ्या: ब्लॉकची उंची, क्रँकचा थ्रो, रॉडची लांबी, पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, गॅस्केटची जाडी, हेडमधला कक्ष. प्रत्येक आकडा थोडाथोडा इकडेतिकडे, आणि सगळे एकाच बाजूला गेले तर एक इंजिन नॉक करतं (पेट्रोल अवेळी भडकून टकटक आवाज येतो) आणि त्याच लाईनवरचं दुसरं करत नाही.

त्याला जमलं तर फ्रॅक्चर स्प्लिट रॉड बनताना एकदा बघायला सांगा. कनेक्टिंग रॉड अखंड फोर्ज करतात, मोठ्या टोकाला लेझरने खाच पाडतात आणि मुद्दाम तोडतात. तुटलेले दोन खडबडीत भाग फक्त एकमेकांतच बसतात, त्यामुळे कॅप कुठे बसवायची यासाठी वेगळ्या पिना लागत नाहीत, मशीनिंग वाचतं. गॅरेजमध्ये कुणी कॅपची अदलाबदल केली की तो रॉड भंगारात. मला आजही ते तोडणं बघायला मजा येते.

शिरोलीकर
भाच्याला कोल्हापूरला पाठवा, कोअर हातात देतो, तांबडा पांढरा पण होईल.

गॅरेज_आळेफाटा
उशिरा आलो. थिअरी झाली असेल तर एक प्रॅक्टिकल शंका. गिऱ्हाईकं नव्या तीन सिलेंडर पेट्रोल गाड्या आणतात आणि बाहेरून सीएनजी बसवून द्या म्हणतात. कंपनीची सीएनजी आणि बाहेरची यात इंजिनात काही फरक असतो का, की नुसता स्टिकर?

बोअरपिच
नुसता स्टिकर नसतो. पेट्रोल हे थोडं का होईना वंगण आणि गारवा देतं, सीएनजी कोरडा वायू, व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी) एकमेकांवर कोरडे आपटतात आणि सीट हळूहळू आत खचते. खचली की व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (वरची मोकळी फट) संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, मग जळतो. कंपनीच्या सीएनजी इंजिनात सीटचा आणि व्हॉल्व्हचा मटेरियल त्या हिशोबाने निवडलेला असतो, आणि इग्निशनचं मॅपिंग वेगळं असतं कारण सीएनजी हळू जळतो पण नॉक कमी करतो. काही कंपन्या हाच वरच्या दर्जाचा सीट पेट्रोललाही वापरतात, दोन वेगळे हेड लाईनवर सांभाळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. म्हणून गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की आधी त्याच मॉडेलमध्ये कंपनीची सीएनजी मिळते का बघा आणि दोन्हींच्या हेडचा पार्ट नंबर ताडून घ्या. नंबर एकच असेल तर निम्मी काळजी मिटली. वेगळा असेल तर गिऱ्हाईकाला आधीच सांगा, आणि त्या इंजिनात हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (ही फट आपोआप सांभाळणारा भाग) नसेल तर दर सर्व्हिसला क्लिअरन्स मोजा. वॉरंटीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

गॅरेज_आळेफाटा
हेडचा पार्ट नंबर ताडायचा हे डोक्यात नव्हतं आलं. उद्याच एक गाडी आहे, बघतो आणि इथे टाकतो.